कडुनिंबावरचा बत्तीवाला

खालून एका बाईंनी लांब काठीच्या टोकाला केळं खोचून वर धरलं आणि म्हणाल्या, "ले, ले."

मी आमच्या रेल्वेच्या साहेबांच्या बंगल्यातल्या कडुनिंबावर होतो. जमिनीपासून तीन पुरुष उंच, जाड फांदीच्या बेचक्यात. पँटचा डावा पाय गुडघ्यापर्यंत गुंडाळलेला. साहेबांनीच सांगितलं होतं, "पैंट ऊपर कर, दिखना चाहिए." काय दिसायला हवं होतं? गुडघ्याखालचा ॲल्युमिनियमचा नळा आणि त्याच्या टोकाला रबराचं पाऊल. खाली हिरवळीवर वेताच्या खुर्च्या, खुर्च्यांत पाहुणे, पाहुण्यांच्या हातात कप. अपंगांना फळवाटपाचा कार्यक्रम होता. वाटायला टोपलीभर फळं होती आणि अपंग सापडला होता तो एकटा मी.

हात लांबवून मी केळं घेतलं. इथवर ठीक होतं. पण खालची मंडळी हसली. आणि माणसं हसली की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही, ही माझी लहानपणापासूनची खोड. मी केळं दातात धरलं आणि मोकळ्या हाताने काखेत खाजवलं. माकड खाजवतं तसं.

काय हसली मंडळी. एक गृहस्थ हसता हसता खोकायला लागले, त्यांना पाणी आणावं लागलं. साहेबांच्या मेमसाब डोळे पुसत म्हणाल्या, "मैंने कहा था ना, बड़ा मज़ेदार आदमी है."

मीही हसलो. मनापासून हसलो, ते लपवत नाही.

उतरल्यावर चहा मिळाला. मातीच्या कुल्हडात. मला वाटलं, वा, जयपुरी थाट. मग बघितलं तर बाकी सगळे चिनी मातीच्या कपातून पीत होते. अख्ख्या हिरवळीवर कुल्हड एकच. बंगल्याचा नोकर जवळ येऊन हळूच म्हणाला, "पीके उधर दीवार के पीछे फोड़ देना." मी फोडला. कुल्हड फुटायला अजिबात वेळ लागत नाही.

भिंतीलगत सतरंजीवर माझी बायको सुमन बसली होती. फोटोत अपंगाचं कुटुंबही हवं म्हणून तिला बोलावलं होतं. तिने नवरा झाडावर चढताना पाहिला, केळं घेताना पाहिला, आणि पुढचंही पाहिलं. परतताना ती माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. रेल्वे कॉलनीच्या अलीकडचं फाटक बंद होतं, मालगाडी यायची होती. तिथे उभी राहून, माझ्याकडे न बघता तिने विचारलं,

"चढले ते समजलं. खाजवलं काहून?"

मालगाडी आली. डब्यामागून डबा, डब्यामागून डबा. गार्डाचा डबाही गेला. फाटक उघडलं.

आता हे इथवर कसं आलं ते सांगतो. यात दुसऱ्यांचा दोष किती आणि माझा गाढवपणा किती, ते वाचणाऱ्याने वाटून घ्यावं.

आम्ही मूळचे अकोल्याकडचे. बौद्ध. बाप रेल्वेच्या छोट्या, मीटरगेज लाईनीवर खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर. अकोल्याहून खंडवा, खंडव्याहून रतलाम, रतलामहून अजमेर अशी ती लाईन जाते, आणि बाप बदल्यांच्या मागे तिच्यावरून सरकत सरकत जयपूरला येऊन निवृत्त झाला. जिथे गेला तिथे क्वार्टर शेवटच्या रांगेतलंच मिळालं. मी जयपुरातच चिकटलो. बत्तीवाला.

बत्तीवाला म्हणजे काय ते आताच्या लोकांना सांगावं लागतं. सिग्नलचा खांब लोखंडी. वर त्याचा हात, आणि हाताच्या मागे रॉकेलची बत्ती. दिवस मावळायच्या आत भरलेली बत्ती घेऊन शिडीने वर जायचं, ती जागेवर बसवायची, लाल-हिरव्या काचा पुसायच्या, उतरायचं, पुढचा खांब. सकाळी सगळं उलट. माझ्याकडे नऊ खांब होते. इंजिनाच्या ड्रायव्हरला अंधारात खांब दिसत नाही, स्टेशन दिसत नाही, बत्तीवाला तर नाहीच दिसत. बत्ती दिसते. तेवढ्यावर तो अख्खी गाडी आत आणतो.

मला ते काम आवडायचं. वरून नाहरगडाची भिंत दिसायची, संक्रांतीच्या दिवसांत पतंगांनी आभाळ भरलेलं असायचं. आणि आणखी एक गोष्ट. खाली माझी जात काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. माठ ठाऊक, ग्लास ठाऊक, कोणाच्या ओट्यावर किती टेकायचं ते ठाऊक. पंचवीस फुटांवर विचारायला कोणी येत नव्हतं.

पाय गेला तो माझ्या घाईने. एशियाडचे खेळ झाले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. संध्याकाळची वेळ, दोन्ही हातांत बत्त्या, आणि वाटेत मालगाडीचे डबे उभे. वळसा घालायचा तर लांब. मी दोन डब्यांच्या मधून वाकून निघालो. सगळेच निघायचे. पलीकडून इंजिनाने धक्का दिला. धक्का बसला तेव्हा मी काय केलं असेल? बत्त्या वर उचलल्या. काच फुटेल म्हणून. काच शाबूत राहिली. पाय रुळावर राहिला.

दवाखान्यात शुद्धीवर आलो तेव्हा पहिला प्रश्न विचारला, "बत्ती लगी क्या?" नर्सला वाटलं, माझ्या डोक्याला मार लागलाय.

पुढचे आठ महिने लिहिण्यासारखे नाहीत. कुबड्या, भिंत, खाट. माझ्याच खाटेखाली माझी एकच चप्पल. सुमनने दुसरी कुठे टाकली ते मी कधी विचारलं नाही.

मग पाय मिळाला. जयपुरात असे पाय करणारे कारागीर होते. आमचे मिस्त्रीजी जातीने ठठेरे, त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भांडी घडवलेली. ज्या हातोडीने बापजाद्यांनी घागरी ठोकल्या, त्याच हातोडीने त्यांनी माझी पोटरी ठोकली. वर चामडी पट्टा, खाली रबराचं पाऊल. पाचही बोटं, बोटांना नखं. रंग गव्हाळ. माझ्या अख्ख्या खानदानात इतका गोरा पाय कोणाचा झाला नव्हता. मी म्हटलं, "मिस्त्रीजी, एक पाँव ठाकुर का, एक हमारा. झगड़ेंगे तो नहीं?" ते हसले नाहीत. पट्टा आवळत म्हणाले, "चलोगे तो दोनों साथ चलेंगे, भाया."

मी चाललो. उकिडवा बसलो. मांडी घातली. महिन्याभरात तर मी सायकल काढली. हा माझा आणखी एक गाढवपणा. सायकल चालते, हे मी पाहिलं होतं. ती थांबवून उतरायचं कसं, हे ठरवलं नव्हतं. छोटी चौपड म्हणतात त्या चौकात मी गोल गोल फेऱ्या मारत राहिलो. चार, पाच, सहा. पानवाला दर फेरीला हात हलवायचा, त्याला वाटलं, मी त्यालाच सलाम करायला परत परत येतोय. शेवटी एका दुकानाबाहेर रजयांचा ढीग दिसला आणि मी डोळे मिटून त्यात घुसलो. दुकानदार धावत आला, शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि माझं पाऊल उलटं वळलेलं बघून मटकन खाली बसला. मी ते हाताने सरळ केलं. त्याला म्हटलं, "घबराइए मत, ये अपना वाला नहीं है."

तर पाय तयार होता. काम तयार नव्हतं.

डॉक्टरी तपासणी झाली आणि कागदावर आलं: उंचीवर चढण्याच्या कामास अनफिट. त्या डॉक्टरांनी मला चढवून पाहिलं नाही. टेबलापलीकडून पाहिलं. नोकरी राहिली, पण काम हलकं द्यायचं ठरलं. ऑफिसात पाणी पाजायचं काम रिकामं होतं. ते मला देणार, असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणाले, "नहीं नहीं, पानी नहीं. बेचारे का पैर फिसल जाएगा." घसरायची भीती पायाची नव्हती, हे तिथल्या माठालासुद्धा माहीत होतं.

म्हणून मला स्टूल मिळालं. बड्या बाबूंच्या दाराबाहेर. दहा वाजता बसायचं, पाच वाजता उठायचं. काम काही नाही. कोणी आलं की बाबू आतून म्हणायचे, "बाहर लंगड़े से पूछ लो, मैं हूँ या नहीं." मला विचारलं की मी सांगायचो आहेत किंवा नाहीत. ही माझी सरकारी सेवा.

संध्याकाळ झाली की खिडकीतून गाडी स्टेशनात घेणारा होम सिग्नल दिसायचा. दुसराच कोणी बत्ती लावायचा. काच नीट पुसायचा नाही. मला स्टुलावरून दिसायचं.

मी अर्ज केला. पुन्हा डॉक्टरी करा, मला चढवून बघा, मी चढतो. अर्ज साहेबांच्या टेबलावर गेला आणि तिथेच राहिला. मग मी सराव सुरू केला. कॉलनीच्या मागे जुना कडुनिंब होता, रोज सकाळी त्यावर. पहिल्या दिवशी पडलो, ढोपर फुटलं. तिसऱ्या दिवशी रबराचं पाऊल खाचेत कसं रुतवायचं ते कळलं. ते वाकतं, पकडत नाही. पकड चांगल्या पायाची आणि हातांची. पंधराव्या दिवशी मी शेंड्याजवळ बसलो होतो आणि खालून साहेबांची जीप गेली. जीप थांबली. मागे आली.

"अरे, तू वही बत्तीवाला है ना?"

"जी साहब."

"वाह. कमाल है. इतवार को बंगले पर आ."

मी झाडावरून जवळजवळ उडीच मारली. घरी जाऊन सुमनला म्हटलं, "झालं काम. साहेबांनी डोळ्यांनी पाहिलं."

ती म्हणाली, "कामासाठी बंगल्यावर काहून बलावतात जी? ऑफिस नाई काय?"

बायका नको तिथे शंका काढतात, असं मी त्या वेळी म्हणालो. हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहून ठेवतोय.

त्या रविवारी बंगल्यावर पाहुणे होते. मी चढलो, टाळ्या पडल्या. साहेब पाहुण्यांना इंग्रजीत काहीतरी सांगत होते, आणि माझ्या खांद्यापर्यंत हात आणून, न टेकवता, हवेतच थोपटत होते. मी अर्जाचं विचारलं. "देखेंगे, देखेंगे. अगले महीने भी आना." पुढच्या महिन्यात मेमसाबच्या मैत्रिणी होत्या. त्याच्या पुढच्या वेळी कोणी दानशूर व्यापारी. मग तो फळवाटपाचा कार्यक्रम. तुम्हाला वाटेल, मी नाइलाजाने जात होतो. नाही. मी रंगात आलो होतो. दरवेळी काहीतरी नवीन करायचो. फांदीवर पाय झुलवायचो, रबराचं पाऊल उलटं फिरवून बायकांना घाबरवायचो. आणि चौथ्या वेळी ते केळं.

झाडावर चढायला फिट. सिग्नलवर चढायला अनफिट. हे इतकं सरळ होतं, आणि मला दिसायला चार कार्यक्रम लागले. खरं तर मला तेव्हाही दिसलं नाही. सुमनला दिसलं.

फाटकावरच्या त्या प्रश्नानंतर तीन-चार दिवसांनी नळ्यातून वास आला. मोजा काढला तर उरलेल्या पायाच्या टोकाला, हाड जिथे संपतं तिथे, कातडी सोललेली आणि आत ओलं. चालताना पायाचं वजन सरळ पडतं. झाडावर ते घासतं, पिळवटतं. मी कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरने पाहिलं तर अनफिटवर आणखी एक शिक्का. हळद लावली, वर मोजा घातला, ऑफिसला गेलो. दुसऱ्या दिवशी ताप आला. मग मात्र मिस्त्रीजींकडे गेलो.

त्यांनी जखम पाहिली.

"पेड़ पर चढ़ते हो?"

"जी."

"क्यों? आम तोड़ने?"

मी सांगितलं. साहेब, पाहुणे, टाळ्या. केळ्याचं नाही सांगितलं.

ते म्हणाले, "मैंने चलने के लिए बनाया था. काम पर चढ़ो तो वो भी ठीक, लोहे की सीढ़ी में पाँव सीधा पड़ता है. ये क्या है? घाव घुटने तक गया तो घुटना जाएगा. फिर जो पाँव लगेगा उससे सीढ़ी-वीढ़ी भूल जाना." मग पट्टा माझ्या हातात देत म्हणाले, "तीन हफ्ते पहनना मत."

म्हणजे हिशेब असा होता. नोकरीवर परत चढण्यासाठी जो पाय लागणार होता, तोच मी नोकरी मिळावी म्हणून झाडावर झिजवत होतो. टाळ्यांच्या बदल्यात. इतका मूर्ख माणूस मी पाहिला नाही, आणि मी त्याला रोज आरशात दाढी करताना बघत होतो.

त्याच आठवड्यात निरोप आला. वरचे मोठे साहेब तपासणीला येणार, संध्याकाळी बंगल्यावर चहा. बत्तीवाल्याने यावं. कुटुंबालाही आणावं.

सुमन म्हणाली, "मी नाई येत. तुमी जा. पाहून या किती लोकं हासतात ते."

मी गेलो. तीन आठवडे घालू नका म्हटलेला पाय घालून गेलो. मनाशी ठरवलं होतं, जमिनीवरच हात जोडून सांगायचं की आज नाही. बंगल्याच्या फाटकातच साहेबांना म्हटलं, "साहब, आज नहीं होगा. पाँव में घाव है."

साहेब पाहुण्यांकडे बघून हसत होते. ते हसू तसंच ठेवून, ओठ न हलवता, मला म्हणाले, "नाटक मत कर. फ़ाइल मेरी टेबल पर है."

आणि मी पँट वर केली. कोणी सांगायच्या आधीच केली. ती माझी सगळ्यात मोठी शरम. केळ्याहून मोठी.

चढलो. प्रत्येक खाचेला आत काहीतरी फाटत होतं. मोजा ओला होतोय ते कळत होतं. खाली टाळ्या सुरू झाल्या होत्या. बेचक्यात पोचलो आणि फांदीला मिठी मारून बसलो. डोळ्यांसमोर काळे ठिपके. ते गेल्यावर समोर दिसला तो होम सिग्नल. बंगल्याच्या भिंतीपलीकडे, रुळांच्या वर. दिवस मावळायला आला होता आणि कोणीतरी शिडीने वर चढत होता. त्याने बत्ती ठेवली. काच पुसलीच नाही. उतरला, निघून गेला. त्याला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणूस कामावर चढतो तेव्हा कोणी टाळ्या वाजवत नाही.

माझ्या आत त्या क्षणी काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मोठं काही झालं नाही. फक्त मला खाली उतरावंसं वाटेना.

"बस, हो गया, आ जाओ नीचे," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "साहब, एक बात पूछनी है."

मंडळी हसली. त्यांना वाटलं, खेळाचाच भाग.

"मैं फिट हूँ या अनफिट?"

पुन्हा हसली. थोडी कमी.

"नीचे आओ, फिर बात करते हैं."

"नीचे आपके पास टाइम नहीं रहता साहब. चार बार नीचे आ चुका हूँ. फिट हूँ तो मेरी बत्ती दीजिए. अनफिट हूँ तो मुझे यहाँ चढ़ाया किसने?"

कोणी हसलं नाही. मोठे साहेब कप बशीत ठेवून वर बघत होते. कोणीतरी उचललेलं बिस्किट परत बशीत ठेवलं. साहेबांचा चेहरा मी वरून पाहत होतो. वरून टक्कल जास्त दिसतं. ते लाल झालं होतं.

"अनफिट है तू," ते ओरडले. "अनफिट. समझा? उतर."

"समझा," मी म्हटलं. "फिट आदमी अपने आप उतरता है. अनफिट को उतारना पड़ता है. सीढ़ी मँगवाइए."

शिडी यायला बराच वेळ लागला. माळी आणि दोन शिपाई ती घेऊन आले. तेवढा वेळ मी फांदीवर बसलो होतो. खाली चहा थंड झाला. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण खाजवलं नाही.

त्यांनी मला पोत्यासारखं उतरवलं. शिडीच्या पायऱ्यांवर नळ्यातून ठिपके पडले. मोठ्या साहेबांनी ते पाहिले आणि तोंड फिरवून गाडी मागवली. ते माझ्या बाजूने एक शब्दही बोलले नाहीत, हेही लिहून ठेवतो. नाहीतर तुम्हाला वाटेल की आता ते बोलतील.

घरी सुमनने पाय काढला. मोजा पाण्यात टाकला, पाणी लाल झालं. जखम धुतली. मग विचारलं,

"हासले काय लोकं?"

"नाही."

"मंग जेवा."

दोन दिवस तापात गेले. तिसऱ्या दिवशी कुबड्या घेऊन ऑफिसला गेलो तर स्टुलावर लिफाफा ठेवलेला. चार्जशीट. मी ती तिथेच उभ्याने वाचली. डॉक्टरांनी उंचीवर चढण्यास अयोग्य ठरवलेलं असताना अमुक कर्मचारी अधिकाऱ्याच्या निवासस्थानातील झाडावर सुमारे पंधरा फूट उंचीपर्यंत चढला आणि आदेश देऊनही उतरला नाही. हे वर्तन अशोभनीय आहे. सात दिवसांत उत्तर द्यावे. खाली सही, शिक्का, नंबर.

पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा.

वर्षभर मी सांगत होतो की मी चढतो. कोणी लिहून घ्यायला तयार नव्हतं. आता खुद्द साहेबांनी लिहून दिलं होतं. सहीनिशी.

उत्तर मी स्वतः लिहिलं. हिंदी माझी शाळेतली, चुका असतील. लिहिलं की आरोप मान्य आहे. मी चढलो. फक्त उंचीत दुरुस्ती करावी. पंधरा नव्हे, अठरा फूट. पहिल्याच वेळी फांदीवरून खाली दोरी सोडून मी मोजलं होतं. त्याआधी याच झाडावर चार वेळा चढलो, त्या वेळी आदेश कोणाचा होता ते साहेबांना विचारावं. आणि या चार्जशीटची नक्कल माझ्या जुन्या अर्जाला जोडावी: मला पुन्हा डॉक्टरीला पाठवा, सिग्नलच्या खांबाखाली उभे राहा आणि चढवून बघा. पडलो तर नोकरी तुमची. यापुढे झाडावर, भिंतीवर, स्टेजवर, कोणाच्याही चहाला मी चढणार नाही.

बड्या बाबूंनी कागद बोटाच्या टोकाने उलटवला. "पागल हो गया है? नौकरी जाएगी. ये लेगा कौन?"

"आप."

"मैं क्यों लूँ?"

"नंबर डालिए और दस्तख़त दीजिए."

"बाद में देखते हैं. जा, बैठ अपने स्टूल पर."

मी स्टूल उचललं. एका हातात कुबड्या, एका हातात स्टूल, त्यामुळे थोडा तमाशा झाला, एकदा भिंतीवर आदळलोही. ते मी आत नेऊन बड्या बाबूंच्या टेबलासमोर ठेवलं आणि कागद त्याच्यावर ठेवला.

"यावर आता हा बसेल," मी म्हटलं. मराठीत म्हटलं. त्यांना कळलं.

आणि मी दारात उभा राहिलो. एका पायावर, दोन कुबड्यांवर.

पाच वाजेपर्यंत नंबर पडला नाही. दुसऱ्या दिवशीही पडला नाही. डबा घेऊन आलेल्या सुमनने मला उभा पाहिला, कागद स्टुलावर पाहिला, डबा खिडकीत ठेवला. तिसऱ्या दिवशी बडे बाबू म्हणाले, "अरे बैठ जा भाई, कितना खड़ा रहेगा." मी बसलो नाही. नोकरी राहील की जाईल, मला माहीत नाही. जखम भरेल की गुडघ्यापर्यंत चढेल, तेही माहीत नाही. साहेबांच्या टेबलावर दोन कागद आहेत. डॉक्टरांचा म्हणतो, मी चढू शकत नाही. चार्जशीट म्हणते, मी चढलो. दोन्हींवर सरकारी शिक्का आहे. यातला खोटा कोणता, हे त्यांना त्यांच्याच हाताने लिहावं लागेल. तोवर मी रोज दहा वाजता इथे येणार आणि उभा राहणार.

माझा एकच पाय दुखतो. त्यांचे दोन आहेत. बघू आधी कोण बसतं ते.